कासेला हात लावायचा नाही

मार्चमधल्या एका सकाळी आई जिना चढून वर आली. एरवी ती गुडघ्यांमुळे वर येत नाही, खालूनच हाका मारते, त्यामुळे तिला दारात बघून माझ्या पोटात गोळाच आला, आण्णांना काही झालं की काय. तर ती दम खात म्हणाली, "अगं, वडीची कास भरलीय."

वडी म्हणजे आमची शेळी. पूर्ण नाव बाकरवडी. हे नाव माझ्या मुलानं ठेवलं, तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि बकरीवरून बाकरवडी एवढी उडी त्या वयात माफ असते, आता तो दहाचा आहे आणि मित्रांसमोर तिला नुसतं वडी म्हणतो. पुण्यात धायरीला आमचं घर आहे, आण्णांनी १९९४ साली दोन गुंठे जागा घेतली तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती म्हणे, आता चारही बाजूंनी टॉवर आहेत आणि मधे आम्ही, खाली आई-आण्णा, वर आम्ही तिघं, मागे एक शेवग्याचं झाड, एक मोगऱ्याचा वाफा आणि झाडाखाली वडी. शेजारच्या बिल्डिंगचं काम चालू होतं तेव्हा तिथल्या वॉचमनच्या बायकोकडे दोन शेळ्या होत्या. एक व्याली, तिळं झालं, त्यातलं हे सगळ्यात मरतुकडं करडू. दोन सडांवर तीन पिल्लं, म्हणजे एक कायम उपाशी. काम संपलं, त्यांनी शेळ्या चाकणच्या बाजारात विकल्या, आणि हे करडू कुणी घेईना म्हणून जाताना ती आमच्या फाटकात ठेवून गेली. "ताई, बाटलीनं पाजा, जगलं तर तुमचं." जगलं. काळीभोर, कानांवर पांढरे ठिपके. लोक बघून उस्मानाबादी म्हणतात. (जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं पण शेळी अजून उस्मानाबादीच आहे, तिच्या कागदपत्रांचं कुणी मनावर घेतलेलं नाही.)

तर कास. मी खाली जाऊन पाहिलं तर खरंच मागच्या पायांमधे दोन मोठ्या संत्र्यांएवढं काहीतरी लोंबत होतं, सड टरारलेले. आणि ही बया शांतपणे शेवग्याचा पाला ओरबाडत उभी.

आता वडी दोन वर्षांची, आणि बोकडाचं तोंड तिनं पाहिलेलं नाही अशी आमची समजूत. आईनं लगेच बोटांवर हिशेब सुरू केला. शेळी दीडशे दिवसांनी विते, म्हणजे पाच महिने. नोव्हेंबरात दिवाळी झाल्यावर धनगरांचा कळप आमच्या रस्त्यावरून घाटाकडे गेला होता, मेंढरं आणि मधेमधे शेळ्या-बोकडं, त्या संध्याकाळी वडी फाटकाला बांधलेली होती आणि आण्णा देवळात गेले होते. झालं. केस सॉल्व्ह. "चैत्रात विणार," आईनं जाहीर केलं, आणि आण्णांकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू तेच कळपासोबत आले होते.

पुढचे तीन आठवडे आमच्याकडे डोहाळजेवण चाललं होतं असं म्हणायला हरकत नाही. आईचं माहेर फलटणकडचं, शेतकरी घर, लहानपणी तिनं गाई-म्हशी-शेळ्या सगळं केलेलं, मग आयुष्यभर झेडपीच्या शाळेत शिकवलं आणि रिटायर झाल्यावर बत्तीस विद्यार्थ्यांच्या वर्गाची सगळी ताकद एका शेळीवर आली. सकाळी भिजवलेली सरकी पेंड, संध्याकाळी मक्याचा भरडा, वरून गूळ, मूठभर मेथ्या. एक दिवस मी शतावरीचा डबा शोधत होते, तो घमेल्याशेजारी सापडला. लसूणघास तर रोज, सिंहगड रोडवरून आण्णा स्कूटरला पेंढी बांधून आणायचे. अळिवाचे लाडू तेवढे राहिले.

कास वाढत गेली. पोट मात्र होतं तेवढंच. चैत्र आला, पाडवा झाला, करडू काही येईना. एके दिवशी सडाच्या टोकाला पांढरा थेंब दिसला आणि आईचा चेहरा जरा पडला, कारण तिलाही आतून कळत होतं की विण्याआधी येतो तो चीक असतो, पिवळा, चिकट, दाट, आणि हे सरळ सरळ दूध आहे.

मग डॉक्टर. आमच्या भागात एक डॉक्टर मॅडम येतात, पंचविशी-तिशीच्या, स्कूटरवर पुढे पेटी ठेवून. त्यांनी आधी वडीला काहीच केलं नाही, नुसतं पाच मिनिटं लांबून पाहिलं, चालते कशी, पाय फाकवते का, रवंथ करते का. मग थर्मामीटर. १०२. शेळीचं नॉर्मल टेंपरेचर आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइट, हे मला माहीत नव्हतं, मी तर आकडा ऐकून क्रोसिन आठवायला लागले होते. मग दोन्ही हातांनी कास दाबून पाहिली, दोन्ही बाजू सारख्याच मऊ आहेत का, कुठे गाठ आहे का, कुठे गरम लागते का. आणि मग प्रश्न. माजावर येते का? शेवटचा माज कधी? (एकवीस दिवसांनी येते आणि आली की सोसायटीवाले फोन करतात, आण्णा म्हणाले.) खायला काय देता? इथे आईनं यादी सांगितली. डॉक्टर लिहीत होत्या त्या मधेच थांबल्या.

"आजी, हा खुराक कुणी खाल्ला तरी दूध येईल."

मक्याबद्दल त्यांनी खोदून विचारलं, त्याला बुरशी होती का, ओल लागली होती का. मक्यावरच्या एका बुरशीतून असं द्रव्य तयार होतं की ते शरीरात जाऊन इस्ट्रोजेनसारखं वागतं आणि त्यानंही न व्यालेल्या जनावराची कास सुजू शकते. आमचा मका कोरडा होता. तरी तो उकिरड्यावर गेला.

गाभण आहे की नाही ते नक्की करायला सोनोग्राफी करा म्हणाल्या. छोटा हत्ती ठरवून धायरीहून औंधच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जाणं यावर खरं तर वेगळा लेख होईल, वारज्याच्या पुलावर शेजारच्या कारमधल्या एका लहान मुलीनं वडीला हात केला आणि वडीनं तिच्या आईच्या ओढणीचं टोक खिडकीतून ओढलं, एवढंच सांगून सोडते. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं. पिल्लू नाही आणि पाणीही नाही.

पाण्याचं मुद्दाम सांगते, कारण मला हे ऐकून फार नवल वाटलं. शेळ्यांमधे खोटं गाभणपण असतं. गर्भ नसतोच, पण अंडाशयातली जी गाठ गर्भ टिकवायचं हार्मोन तयार करते ती विरघळायची विसरते, शरीराला वाटतं आपण गाभण आहोत, गर्भाशयात नुसतं पाणी साठत जातं, पोट वाढतं, कास येते, सगळं साग्रसंगीत होतं आणि मग एक दिवस सगळं पाणी भसकन बाहेर. इंग्रजीत त्याला ढगफुटीच म्हणतात. कधी मालक सकाळी उठून पिल्लू शोधत बसतो आणि खाली नुसती ओली जमीन. ते असेल तर इंजेक्शन देऊन ती गाठ विरघळवतात. वडीचं ते नव्हतं. शिवाय ती नियमित माजावर येत होती, तिथेच ते बाद झालं होतं, नोव्हेंबरच्या बोकडाचंही, हे आम्हाला उशिरा समजलं. एकवीस दिवसांनी बोंब मारणारी शेळी गाभण कशी असेल? आईनं कळप लक्षात ठेवला आणि सोसायटीचे फोन विसरली. आण्णांची निर्दोष मुक्तता झाली पण माफी कुणी मागितली नाही.

राहिलं तिसरं. न विता, न गाभण राहता दूध येणं. मेडन मिल्कर म्हणतात म्हणे, कुमारी दुधाळ. दुधाच्या जातींमधे, सानेन वगैरे, हे जास्त दिसतं, रक्तातच दूध इतकं असतं की हार्मोन जरा इकडचे तिकडे झाले की कास कामाला लागते. वडीचा बाप कोण हे त्या वॉचमनच्या बायकोलाही माहीत असेल असं नाही, कानांवरचे पांढरे ठिपके कुठून आले कुणास ठाऊक. हे दुखणं नव्हे, डॉक्टर म्हणाल्या. आणि मग ते वाक्य आलं ज्यावरून आमच्या घरात पुढचा महिनाभर रामायण झालं.

"औषध काही नाही. कासेला हात लावायचा नाही."

आईला वाटलं तिला ऐकू कमी आलं. "म्हणजे? धार कधी काढायची?"

"काढायचीच नाही."

धायरीच्या धारेश्वराच्या पायाशी राहणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे. पण कारण त्यांनी नीट समजावलं, आणि मला ते इतकं पटलं की अजून डोक्यात आहे. कास ही टाकी नाही, की भरली की रिकामी केलीच पाहिजे. कास मागणी बघून काम करते. जेवढं काढाल तेवढं उद्या भरेल, थोडं जास्तच. नाही काढलं, तर आत साठलेलं दूधच आतल्या पेशींना सांगतं की बास आता, दुधातलाच एक घटक दूध बनणं मंदावतो आणि वरून दाब, मग हळूहळू त्या पेशी काम थांबवतात आणि आतलं दूध शरीर परत शोषून घेतं. म्हणून त्रास कमी करायला म्हणून रोज थोडं थोडं काढणं हे सगळ्यात वाईट. आणि दुसरं, सडाच्या टोकाला जे भोक असतं ते बंद राहतं, आत एक मेणासारखं बूच बसतं, बाहेरची घाण आत जाऊ नये म्हणून. एकदा दाबलं की ते निघालं. मग इन्फेक्शन, मग दगडी, म्हणजे कास सुजून दगडासारखी कडक होणं. दगडी हा शब्द आईला बरोबर कळला. तिच्या माहेरची एक गाय दगडीनं गेली होती.

अर्थात हात लावायचा नाही म्हणजे बघायचंही नाही असं नाही. रोज दोनदा बघायचं. एक बाजू दुसरीपेक्षा मोठी, गरम, कडक, लाल झाली, वडी लंगडायला लागली, खाणं सोडलं, ताप चढला तर लगेच फोन. कास गार आणि निळसर पडली तर फोन करून वाट बघायची नाही, थेट घेऊन यायचं, त्यात जनावर हातचं जातं. आणि नुसती फारच ताठरली, तिला पाय टाकता येईना, तर एकदाच पूर्ण मोकळी करायची, अर्धवट नाही, मग सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि अर्धा तास तिला बसू द्यायचं नाही, समोर चारा टाकून उभी ठेवायची, तेवढ्यात ते भोक मिटतं. खुराक बंद. पेंड, भरडा, गूळ, लसूणघास सगळं बंद. कडबा आणि पाला. पाणी मात्र भरपूर. आईच्या डोक्यात होतं की दूध आटवायचं तर पाणी तोडायचं, गावाकडे तसंच करतात, डॉक्टरांनी तिथे आवाज चढवला. पुण्याचा एप्रिल, चाळिशीला टेकलेलं ऊन, पाणी तोडलंत तर दूध आटेल आणि शेळीही.

शेजारपाजारचे सल्ले वेगळे. एक काका म्हणाले गाभण घालून टाका, दूध सत्कारणी लागेल. म्हणजे दूध नको म्हणून पिल्लं करायची आणि पिल्लं झाली की आणखी दूध. मी रात्री मोबाईलवर शोधत बसले तर लोक पाळीव शेळ्यांची कासच ऑपरेशन करून काढतात इथपर्यंत पोचले, वर्षानुवर्षं कास जमिनीला टेकेपर्यंत वाढली तर, आणि तो फोटो बघून मोबाईल उशीखाली ठेवला.

पहिला आठवडा गेला. काही फरक नाही. दुसरा गेला. दहा दिवसांत उतार दिसेल असं सांगितलं होतं आणि कास होती तशी, संध्याकाळी टरटरीत, सकाळी मात्र जरा मऊ. मी वहीत लिहून ठेवत होते, आयटीतल्या माणसाला सवय असते. सकाळी मऊ, संध्याकाळी कडक, रोज. आता आत काहीच फिरत नसेल तर हा पॅटर्न कुठून आला? मला लाज वाटते सांगायला, पण मला ते चहावरून कळलं. रविवारी खाली चहाला बसले होते आणि आण्णा म्हणाले, "आठ दिवस झाले, चहा कसला फक्कड होतोय." मी एक घोट घेतला. आमच्याकडे पिशवीचं गाईचं दूध येतं. हे ते नव्हतं. जरा गोडसर, आणि मागे एक बारीकसा उग्रपणा.

मी आईकडे पाहिलं. आई कपबशी विसळायला उठली.

पहाटे साडेचारला. रोज. एक वाटीभर. "एवढुसंच काढते गं," ती मोरीकडे तोंड करून म्हणाली. "रात्रभर कण्हत असते ती. तुम्ही वर एसीत. मला ऐकू येतं."

मी चिडले. वहीच दाखवली तिला, डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, तू रोज थोडं काढतेस म्हणून ते रोज बनतंय, तूच तिचा त्रास लांबवतेयस, शिकलेली बाई तू, वगैरे. आण्णांनी मधे पडायचा प्रयत्न केला तो त्यांच्या पद्धतीनं, म्हणजे थेट गांधीजी. गांधीजींनी १९१२ साली दूध सोडलं, गवळी जास्त दूध काढायला गाई-म्हशींचे काय हाल करतात ते कळल्यावर तर त्याचा त्यांना तिटकाराच आला, ते फुका प्रकरण, पुढे १९१९ मधे आजारानं अगदी खंगले तेव्हा कस्तुरबांनीच पळवाट काढली की तुमच्या प्रतिज्ञेत गाय-म्हैस होती, शेळी कुठे होती, आणि तेव्हापासून शेळीचं दूध, इथे आपल्या आगाखान पॅलेसमधे होते तेव्हासुद्धा शेळीच. आण्णांचं म्हणणं काय होतं ते शेवटपर्यंत स्पष्ट झालं नाही, बहुतेक असं की चहा चालू राहावा. फुका म्हणजे काय ते मी नंतर बघितलं आणि बघितलं नसतं तर बरं, जनावराला पान्हा सोडायला लावायची ती रीत १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात स्वतंत्र कलम घालून गुन्हा ठरवलेली आहे, तेवढं पुरे. दूध काढण्यासाठी माणसानं काय काय केलं आहे. न काढण्यासाठी कुणी काही केल्याचं मला तरी सापडलं नाही.

आई काही बोलली नाही. दुपारी मी सॉरी म्हणायला खाली गेले तेव्हा ती मागच्या पायरीवर बसली होती, वडी तिच्या पदराचं टोक चघळत, आणि आई माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"तू झालीस तेव्हा तीन महिन्यांची रजा होती. मग वेल्ह्याला हजर व्हावं लागलं."

हे मला माहीत होतं. म्हणजे एवढंच माहीत होतं. मी पुण्यात आजीकडे, नारायण पेठेत, आई वेल्ह्याच्या शाळेत खोली घेऊन, शनिवारी दुपारी एसटीनं यायची, सोमवारी पहाटे परत. आमच्या घरातली ही कौतुकाची गोष्ट आहे, आईनं किती कष्टात नोकरी केली. मी ती स्वतः दहा ठिकाणी सांगितली आहे.

"पहिले पंधरा दिवस," आई म्हणाली, "तिसरीचा वर्ग. पाढे म्हणायला लागली पोरं की माझा पोलका भिजायचा. कुठलंही पोर रडलं की यायचंच. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन शिकवायचे. मधल्या सुट्टीत मागच्या मोरीत जाऊन पिळून टाकायचे. पाण्यानं वाहून घालवायचे लगेच, कुणी बघू नये म्हणून. तू इकडे बाटलीवर. आणि मी तिकडे मोरीत." मग जरा वेळानं, "ते पण रोज थोडं थोडंच काढत होते. कुणी सांगितलंच नाही की काढलं की येतं. ताप भरला. एका बाजूला दगडी झाली असती माझी."

वडीचे डोळे अर्धे मिटलेले होते.

"मग?"

"शाळेत एक बाई होत्या, मूळच्या धारवाडकडच्या. त्यांनी मोगऱ्याची फुलं आणून दिली. म्हणाल्या रात्री चोळीत घट्ट बांध आणि पुन्हा पिळू नकोस. मला वाटलं काय येडेपणा. पण बांधली. दिवसभर शाळेत वास यायचा, पोरं म्हणायची बाई, लग्नाला चाललात का." ती हसली. "आठवड्यात आटलं. माझं आटवताना काही डॉक्टर नव्हता आला, वही घेऊन पण कुणी बसलं नव्हतं. एवढी कुणाची धार न काढायची काळजी घेतात, हे मी पहिल्यांदाच बघतेय."

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. माझ्या मुलाच्या वेळी मी सव्वा वर्ष पाजलं, ऑफिसात वेगळी खोली होती, पंप होता, फ्रिज होता, आणि तेव्हा आई माझ्याकडे राहून सगळं करत होती, तेव्हाही ती यातलं एक अक्षर बोलली नव्हती. मी विचारलंही नव्हतं.

मोगऱ्याचं मला खरं वाटेना, म्हणून शोधलं, तर सापडलं. वेल्लोरच्या डॉक्टरांनी हे चक्क तपासून पाहिलं होतं, १९८८ साली छापून आलंय, नुकत्याच बाळंत झालेल्या आणि दूध बंद करावं लागणाऱ्या बायकांपैकी काहींना दूध थांबवायची ब्रोमोक्रिप्टीनची गोळी दिली आणि काहींना छातीवर मोगऱ्याची फुलं बांधली. दोन्हींनी दूध कमी झालं. प्रोलॅक्टिन, म्हणजे दुधाचं हार्मोन, गोळीनं जास्त उतरलं पण फुलांनीही उतरलं. वेल्ह्याच्या शाळेतल्या बाई बरोबर होत्या. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं छापलं."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करून गुन्हा कबूल केला, आईचं नाव न घेता, पण त्या हसल्या, "आजींनी काढलं ना? सगळीकडे आजीच काढतात." त्या आल्या, दुधाची आधी तपासणी केली, वाटीत थोडं दूध आणि कपडे धुवायच्या पावडरचं पाणी हलवायचं, जेलीसारखं गठ्ठा झालं तर आत गडबड. जरासं दाट झालं, माझं धाबं दणाणलं, पण त्या म्हणाल्या शेळीच्या दुधात मुळातच पेशी जास्त असतात, गाईच्या हिशेबानं ते कायम संशयित दिसतं, दूध पातळ नाही, गुठळ्या नाहीत, ताप नाही, ठीक आहे. मग आईलाच बसवलं. "आजी, आज शेवटचं. पूर्ण काढा."

आईनं काढलं. मी तिला धार काढताना कधी पाहिलं नव्हतं. तिच्या बोटांना संधिवात आहे, डबा उघडता येत नाही तिला, पण त्या बोटांनी जे केलं ते मी बघत राहिले, वरून अंगठ्यानं बंद, मग एक एक बोट खाली, आणि पातेल्यात चर्र चर्र. साधारण पाऊण लिटर. वडीनं मधे एकदा मान वळवून तिचं डोकं हुंगलं. मग सड आयोडीनमधे, मग पुढ्यात पाल्याची फांदी आणि अर्धा तास उभी. ते दूध आम्ही चांगलं उकळलं, शेळीचं कच्चं दूध पिऊ नये, त्यातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो, आणि आण्णांना शेवटचा फक्कड चहा मिळाला.

त्या रात्री आई वर आमच्याकडे झोपली. मीच म्हटलं, खाली ऐकू येतं ना, वर ये. जिना चढायला दहा मिनिटं लागली तिला. तरी दोनदा उठून गॅलरीत जाऊन आली. दुसऱ्या दिवशी कास पुन्हा ताठ, तिसऱ्या दिवशी जास्त, वडी ओरडली, खरंच ओरडली, मला वाटलं आपणच जाऊन दाबावं. चौथ्या दिवशी मी पहाटे उठून पाहिलं तर आई खाली गोठ्यापाशी उभी होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून, शाळेत पर्यवेक्षण करताना उभी राहायची तशी. मी वरूनच बघितलं आणि परत आत आले. पाचव्या-सहाव्या दिवसापासून उतार. सकाळी आणि संध्याकाळी सारखीच मऊ. तीन आठवड्यांत नुसती सैल पिशवी उरली, थोडी सुरकुतलेली.

मोगऱ्याचंही केलं आईनं, त्याशिवाय ती आई कसली. जुन्या साडीच्या पट्टीत फुलं बांधून वडीच्या कासेला लावायचा बेत होता. डॉक्टरांना विचारायचं राहिलं, कारण पट्टी बांधायच्या आत वडीनं ती फुलं खाल्ली, मग दुपारी दावं सोडवून घेऊन वाफ्यातला सगळा मोगरा खाल्ला, पानांसकट.

पुढच्या वर्षी परत होऊ शकतं, डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. तेव्हा करायचं तेच, म्हणजे काही नाही.

सप्टेंबरात डेंग्यू आला. डेंग्यूत शेळीचं दूध प्यायलं की प्लेटलेट वाढतात हे पुण्यात आता डॉक्टरांपेक्षा व्हॉट्सअ‍ॅप जास्त खात्रीनं सांगतं, त्याला काही धड आधार नाही, पण घरात ताप असला की माणूस आधार विचारत बसत नाही. टॉवरमधून लोक यायला लागले, स्टीलची बाटली घेऊन. एक बाई तर लिटरला पाचशे म्हणाल्या. आण्णांनी दोन दिवस सगळ्यांना समजावलं आणि तिसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लावली, स्वतः खडूनं आखून, रंगानं लिहून: "सदर शेळी दूध देत नाही. डेंग्यूसाठी डॉक्टरांकडे जावे, शेळीकडे नव्हे."

पाटी असूनही एक मुलगा आला परवा, वीस-बावीसचा, होस्टेलवर राहणारा, त्याच्या रूम पार्टनरला ताप होता. तो आईला म्हणाला, "आजी, भाकड आहे का ही?" आईनं त्याला आत बोलावलं, पायरीवर बसवलं, तापाला किती दिवस झाले, रक्त तपासलं का, पाणी किती पितोय, सगळं विचारलं, त्याच्या बाटलीत लिंबाचं सरबत भरून दिलं, मित्राला आजच्या आज दवाखान्यात ने म्हणून बजावलं. तो फाटकापर्यंत गेल्यावर तिनं हाक मारली.

"आणि अरे, भाकड नाही ती."

"मग?"

"काढत नाही आम्ही," आई म्हणाली.